लसूण परतल्याचा वास

पिठाच्या बरणीत तिचा अंगठा उमटलेला होता.

झाकण उघडून तिने नाक आत नेलं होतं, कारण पीठ जुनं झालं की आधी वास बदलतो, मग चव. रंग मात्र शेवटपर्यंत फसवत राहतो. वास घेण्याआधीच तो खळगा दिसला. मधोमध, किंचित डावीकडे कललेला, वरच्या टोकाला नखाची चंद्रकोर. बरणी भरताना पीठ दाबून बसवायचं आणि शेवटचा दाब अंगठ्याने द्यायचा, ही तिची सवय. प्रयोगशाळेत काचेची नळी फुटून अंगठ्यावर एक आडवा वण पडला होता, त्याची रेघसुद्धा खळग्यात होती. पीठ बारीक असलं की ते काही विसरत नाही. तिने अंगठा त्यात ठेवून पाहिला. चपखल बसला. तो काढून तिने ओट्याच्या कडेला पुसला. ही बरणी भरली तेव्हा या खिडकीतून वारा येत होता, पडदा गॅसकडे उडतो म्हणून तिने त्याला गाठ मारली होती. पडद्याला गाठ अजून होती. खिडकी बंद होती आणि काचेवर आतून वाफ धरली होती.

“काय तपासनीसबाई, सापडला का गुन्हेगार?” बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं.

“पिठाचा वास बघतेय.”

“मग? जामिनावर सोडताय की आत टाकताय?”

“ठीक आहे पीठ,” ती म्हणाली.

पीठ ठीकच होतं. पण काल संध्याकाळी फोनवर बाबा म्हणाले होते, “आज पीठ कालवलं, त्यात अंडं फोडलं, पालक चिरून घातला. तव्यावर दोन टाकले आणि दोन्ही हाणले. तुझी आई असती तर म्हणाली असती, बायको गेल्यावर नवऱ्याला अक्कल आली.” ती हसली होती. फोन खांद्याशी धरून आपल्या घरची भांडी पुसता पुसता तिला बरं वाटलं होतं, असं बरं की जे दिवसभराच्या कामानंतर पाय वर घेऊन बसल्यावर वाटतं. पीठ, अंडं, पाला. पंधरा मिनिटांचं काम. आता त्या बरणीवर झाकण ठेवताना तिच्या हाताला ते लवकर बसेना. आटे चुकत होते.

आई गेली तेव्हा बाबांना चहा येत होता आणि तोही उतू जात होता. आई गेल्यावर पहिल्या आठवड्यात ती इथे आली तेव्हा ते या ओट्यासमोर उभे होते, परक्या गावच्या स्टेशनवर फलक वाचता न येणारा माणूस उभा राहतो तसे. हातात कांदा होता. तिला तेव्हा रडू आलं नव्हतं, नंतरही नाही. तिने बरण्या आणल्या. सामान तयार असेल तर जेवण हा पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे, असं तिने त्यांना सांगितलं आणि ते वाक्य तिला स्वतःलाच इतकं आधाराचं वाटलं की ती त्यावर महिनोन् महिने उभी राहिली. हरभरे आणि घेवडा रात्रभर भिजवून, एकदम उकडून, चपट्या डब्यांत गोठवायचे. मटार सोललेले. पालक निवडून, धुऊन, कापडात गुंडाळलेला. सोललेला लसूण फ्रीजमध्ये कोरडा, तेलात बुडवून कधीही नाही, हवा न लागलेल्या तेलात कुठले विषारी जंतू वाढू शकतात ते तिला ठाऊक होतं आणि तिने ते बाबांना इतक्या सविस्तर सांगितलं होतं की ते म्हणाले, “बाई गं, मी जेवायचं म्हणतोय, युद्धावर नाही.” तेल तापवा, लसूण टाका, रंग बदलायला लागला की हरभरे, मग पालेभाजी, गॅस बंद, वरून लिंबू. बाबा ते संवादासारखं पाठ म्हणून दाखवायचे. “झालं पाठ. प्रयोग कधी?” आणि मग प्रत्येक बरणीला त्यांनीच पांढरी चिकटपट्टी लावली, त्यांच्या जुन्या कामातला रोल काढून, खालची कड अगदी सरळ. सामान पट्टीच्या खाली गेलं की ओट्याखालच्या मोठ्या डब्यातून पुन्हा पट्टीपर्यंत भरायचं. रिकामी बरणी कधी दिसता कामा नये. हे तिचं म्हणणं होतं. रिकाम्या बरणीसमोर एकटा माणूस हार मानतो.

आणि म्हणून दर शनिवारी ती येई तेव्हा सगळ्या बरण्या पट्टीला टेकलेल्या असत. तिला त्याचा अभिमान वाटे. वापरतात आणि भरतात. आत्ता, ओट्याला टेकून, तिला पहिल्यांदा दिसलं की वापरून भरलेली बरणी आणि हात न लावलेली बरणी बाहेरून सारखीच दिसते. इतकी साधी गोष्ट. नवशिक्या मदतनिसाने असा आराखडा आणला असता तर तिने लाल रेघ मारून परत दिला असता.

तिने मसुरीची बरणी उघडली. वर तिने ठेवलेलं तमालपत्र होतं, किडीसाठी, देठ खिडकीकडे. तांदळाच्या बरणीत तसंच. फ्रीजरमध्ये हरभऱ्याचे डबे कमी झाले होते खरे, पण खालच्या शिवणकामवाल्या काकू आत्ताच जिन्यात भेटल्या होत्या. पिशव्या या हातातून त्या हातात घेत ती थांबली होती आणि काकू दारात टेप गळ्यात घालून उभ्या होत्या. “अगं, बाबांना सांग, डबे पाठवणं पुरे आता. माझ्या एकटीच्याने किती हरभरे संपायचे? चिमणीसारखं खाते मी. पण हात चांगला बसलाय हो त्यांचा. रोज लसणाचा असा वास येतो वरून, माझी सुई चुकते.” मग आवाज खाली आणून, हसत, “आणि त्यांची ती करडी पँट. तिसऱ्यांदा कमरेत आत घेतली. म्हटलं, आता आणखी घेतली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटतील. व्यायाम करतात का गं? या वयात अशी कंबर!” ती म्हणाली होती, “खाणं नीट आहे ना आता.” हे ती स्वतः म्हणाली होती. अर्धा जिना चढताना ती मनातल्या मनात खूश होती, भाजीच्या पिशव्यांचे बंद बोटांत रुतत असतानाही.

काय कमी झालं होतं? साखर. दूध तर रोजच लागत होतं, कचऱ्याच्या डब्यात दुधाच्या पिशव्याच पिशव्या होत्या, अंड्याचं टरफल एकही नाही. तेलाची बाटली तळाला आली होती. आणि लसूण, डबाभर लसूण, संपत आला होता. गेल्या वेळी तेलावरून ती त्यांना बोलली होती. बाबा, इतकं तेल बरं नाही या वयात. त्यांनी कान पकडले होते. मीठ मात्र जसंच्या तसं. कोणी काहीही शिजवलं, चांगलं, वाईट, करपलेलं, तरी मीठ लागतंच. तेल संपतं, लसूण संपतो आणि मीठ संपत नाही असं जेवण कोणतं?

ती शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे रोज सकाळी पहिल्यांदा एक तपासणी अशी करतात की जिच्यात नमुनाच नसतो. सगळी रसायनं, तेच भांडं, तीच उष्णता, तोच वेळ. फक्त ज्याची तपासणी करायची ते पाणी घालायचं नाही. त्याला ब्लँक म्हणतात. त्याचं उत्तर शून्य यायला हवं. ते शून्य आलं म्हणजे मग बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. नवीन आलेल्यांना त्याचा कंटाळा येतो. नसलेल्या गोष्टीवर एवढा खटाटोप कशाला, असं त्यांना वाटतं. तिला मात्र ब्लँक करताना नेहमी एक शांतता वाटे. सगळं यथासांग होतं आणि आत काही नसतं.

गॅसवर कढई होती. ती आली तेव्हा बाबा दार उघडत म्हणाले होते, “आत्ताच उरकलं मी. वास येतोय ना?” येत होता. जिन्यातूनच येत होता, गोडसर, भरलेला, कोणाच्याही घराला घर करून टाकणारा. कढईत तेल होतं आणि तेलात लसणाचे तुकडे, तपकिरी, कडेला चिकटलेले. बाकी काही नाही. हरभऱ्याचं साल नाही, पालेभाजीचा हिरवा डाग नाही. बाजूला जाळीत एक ताट उभं होतं, ओलं, थेंब अजून खाली पडत होते. तिने घासणी हातात घेतली. घासणी कोरडी होती. कडक, वाळलेली, परवाची किंवा त्याच्याही आधीची.

ओलं ताट. ते तिने आधी पाहिलं होतं. ती सहा-सात वर्षांची असताना आईला संध्याकाळचं काम असलं की बाबा तिला आपल्याबरोबर नाटकाला नेत. ते नाटक कंपनीत रंगमंचावरच्या वस्तू सांभाळायचे. पत्रं, पिस्तुलं, फुलदाण्या, कागदाच्या लगद्याचे पाव, मेणाची द्राक्षं, खडूच्या भुकटीतून घडवलेली आणि वॉर्निशने चकाकवलेली भाजलेली कोंबडी. तिला विंगेत एका उलट्या खोक्यावर बसवत आणि सांगत, “चिमटे, बोलायचं नाही, शिंकायचं नाही, श्वास मात्र घ्यायचा.” लहानपणी ती सगळं दोन बोटांच्या चिमटीत धरून बघायची म्हणून चिमटे. दुसऱ्या अंकात एक कुटुंब जेवायला बसायचं. त्याच्या थोडं आधी बाबा विंगेत स्टोव्ह पेटवत, छोट्या कढईत तेल, तेलात ठेचलेला लसूण, आणि पुठ्ठ्याच्या पंख्याने वास रंगमंचावर आणि तिथून पुढे सोडत. पहिल्या चार रांगांत गेला की पुरे, ते म्हणत. मागच्यांना पुढच्यांच्या माना बघून भूक लागते. नट रिकाम्या वाडग्यांतून चमचे तोंडाकडे नेत आणि बोलत. तिने एकदा विचारलं होतं, लोकांना कळत कसं नाही? बाबा म्हणाले, “वास आला की ताटाकडे कोण बघतंय? आणि खाताना माणसानं बोलायचं. बोलायच्या आधी चमचा उचलायचा, बोलून झालं की खाली ठेवायचा. मधे काय झालं ते प्रेक्षक स्वतःच भरून काढतो.” मग नाटकातल्या आईचं काम करणारी बाई ताटं उचलून आत आणायची, बाबा ती बादलीत बुडवून तशीच ओली परत तिच्या हातात द्यायचे आणि ती पुसत पुसत पुढचं वाक्य म्हणायला जायची. ओलं ताट दिसलं की जेवण झालं. त्या खोक्यावर बसून तिला प्रत्येक वेळी खरी, पोट आवळणारी भूक लागायची. घरी गेल्यावर आई विचारायची, “एवढी कशी गं हावरटासारखी खातेस?” आणि बाबा आणि ती एकमेकांकडे बघायची.

बाहेर वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. तिच्या पाठीला ओट्याची कड गार लागत होती. तिला वाटलं, आपण कुठेतरी चुकून चढलो आहोत, प्रेक्षकांनी चढू नये तिथे, आणि उजेडात उभं राहून मेणाची द्राक्षं दाबून बघतो आहोत. अजून खाली उतरता येईल. झाकणं लावायची, नवा लसूण ठेवायचा, तेलाची बाटली बदलायची. पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं. संध्याकाळी फोन येईल आणि त्यात पीठ असेल, अंडं असेल, पाला असेल. तिने खरोखरच तेलाची नवी बाटली पिशवीतून काढली आणि सील तोडलं.

“बाबा, मला भूक लागलीये,” ती म्हणाली. “दोघांचं करते.”

पान उलटायचं थांबलं.

“मी जेवलो ना गं आत्ता.”

“थोडंसं. माझ्यासोबत.”

“अगं, पोट फुटेल. काकू आधीच म्हणतात, पँट पुरत नाही.”

“काकू उलटं म्हणतात.”

बाहेर वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

तिने डबा गरम पाण्याखाली धरला, हरभऱ्यांची गोठलेली वडी सुटून वाडग्यात पडली. कांदा, बारीक. लसूण ठेचला, चिरला नाही. हात आपोआप चालले होते आणि तिला त्यांचा राग आला, त्यांच्या या बिनचूक, आनंदी घाईचा. टोमॅटो सुटला, हरभरे गेले, मटार गेले, पालक एवढा डोंगर होता तो मुठीएवढा झाला. मीठ घालताना मिठाचा थर खडखडीत होऊन बसलेला, चमच्याच्या दांड्याने फोडावा लागला. लिंबू पिळलं. खिडकीच्या काचेवरून वाफेचा एक थेंब निघाला आणि वाकडातिकडा खाली गेला. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चांगलं झालं होतं, तिला वासावरूनच कळलं, आणि त्या वासावर तिचा आता विश्वास नव्हता.

टेबलाशी बाबा आले ते दोन स्वेटर घालून. दोन कधीपासून घालतात? थंडी सुरू झाली तेव्हापासून, की थंडीच्या आधीपासून? मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरलेलं होतं आणि पट्ट्याला शेवटच्या भोकापुढे आणखी एक भोक पाडलेलं होतं, अरीने, कडा साफ. त्यांचा हात अजून पक्का होता. ते बसले, वास घेतला, डोळे मिटले. “वा,” ते म्हणाले. “काय पण रंग आलाय. तुला सांगतो, ती मेणाची द्राक्षं आठवतात का?” चमचा वर गेला. “एकदा भर उन्हाळ्यात प्रयोग होता. दिवे असे तापलेले की द्राक्षं वितळायला लागली. राजाचं काम करणारा, तो ढेरपोट्या गं, त्याने घड उचलला तर सगळा घड दाढीला चिकटला.” चमचा खाली आला. “आणि संवाद काय होता माहितीये? ‘या फळांना आमच्या भूमीचा गोडवा आहे!’ सगळं थिएटर कोसळलं.” चमचा वर गेला. ती हसली. तिला हसू आलंच. आणि हसतानाच तिने नजर त्यांच्या तोंडावरून काढून ताटावर ठेवली आणि तिथेच ठेवली. ढिगाचा उतार बदलला होता, उंची नाही.

“बाबा, खा ना.”

“खातोय की.”

“गोष्ट नंतर सांगा.”

ते थांबले. मग त्यांनी चमच्यात दोन हरभरे घेतले, थोडी पालेभाजी घेतली, आणि कुठलंही वाक्य न बोलता तोंडात घातलं. ते चावत राहिले. खोलीत फ्रीजचा आवाज होता आणि चावण्याचा. ते इतका वेळ चावत राहिले की त्या तोंडात आता चावायला काही उरलं नसणार हे दोघांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी मान किंचित पुढे काढली, पक्षी काढतो तशी, आणि गिळलं. हात छातीवर गेला, बोटं पसरलेली. डोळ्यांत पाणी जमलं, ते ओघळलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, ओठांना टेकवला आणि पाणी तोंडात तसंच ठेवून उठले. न्हाणीघराचं दार लागलं. नळ पूर्ण सुटला.

नळाच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. ती तो ऐकत बसली. प्रयोगशाळेत एका आवाजाखालून दुसरा वेगळा काढायला शिकावं लागतं, पंख्याखालून गळणारा पंप. तिला कळत होतं की उठून दाराशी जायला हवं. तिने आपल्या ताटातला एक घास घेतला आणि तो सहज खाली गेला, कुठेही न थांबता, आणि त्या सहजपणाची तिला भीती वाटली.

बाबा तोंड पुसत आले. “ठसका लागला. मिरची.”

“मिरची नाही घातलेली.”

ते बसले. टेबलावर हात ठेवून त्यांनी दोन्ही पंजे पाहिले, जणू काही वस्तू जागेवर ठेवायची राहिली होती. “नाही घातलीस होय,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“बाबा.”

“आधी पाव अडकायचा. वाटलं, दातांचं असेल, नीट चावला जात नसेल. मग भात.” त्यांनी छातीच्या हाडावर बोट ठेवलं, अगदी नेमकं, खूण केल्यासारखं. “इथे. इथपर्यंत येतं आणि मग आतून कोणीतरी कडी लावतं. दूध जातं. सावकाश घेतलं तर जातं.”

“आणि रोज फोनवर...”

“मग काय सांगू? पिशव्या घेऊन तीन मजले चढून येतेस. बरण्यांकडे बघून तुझा चेहरा कसा होतो, तू पाहिलेला नाहीस. मी पाहिलाय. माझा प्रेक्षक एकच, तोही इतका मन लावून येणारा. खेळ बंद कसा करायचा?”

“डॉक्टरकडे जायचं होतं.”

“आणि नळी घालून घ्यायची होती.”

 आईला शेवटी नाकातून नळीने अन्न द्यायचे, त्या नळीवर काळ्या रेघा होत्या, ठरावीक अंतरावर, आणि नळी सरकली नाही ना हे ती रोज त्या रेघांवरून बघत असे. तिला ते काम मिळाल्याचं बरं वाटलं होतं. बाबांना तिने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये समजावलं होतं की यातून सगळं पोषण मिळतं, किती उष्मांक, किती प्रथिनं, कागदावर मांडून. बाबा मान हलवत होते.

“तू म्हणालीस ते बरोबरच होतं,” बाबा म्हणाले, आवाजात कसलाही आरोप नव्हता. “सगळं मिळत होतं तिला. आणि ती माझ्याकडे बघत होती. दुपारभर बघायची. तिला काय हवं होतं मला कळत होतं गं. पावाचा एक तुकडा चहात बुडवून. तेवढंच. आणि मी तुझ्या कागदाकडे बघायचो.”

खालून शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. तिने फोन उचलून नवऱ्याला गाडी घेऊन यायला सांगितलं. आत्ता, हो, आत्ताच. का ते आल्यावर.

“आजच?” बाबांनी विचारलं.

“आजच.”

“नळीचं मला आधी विचारशील?”

“विचारेन.”

“मी नाही म्हटलं तर?”

 तुमचं ऐकेन म्हणणं सोपं होतं. ते म्हणण्याचा वास चांगला आला असता. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. बाबांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच, ती आल्यापासून पहिल्यांदा, त्यांचा चेहरा सैल झाला.

मग तिने त्यांचं ताट उचललं. हरभरे, पालक, मटार सगळं मिक्सरमध्ये घातलं, भरपूर गरम पाणी घातलं आणि मिक्सर इतका वेळ फिरवला की भांडं हाताला तापलं. गाळणीतून गाळलं, चोथा टाकला, पुन्हा गाळलं. पेल्यात दुधाहून थोडं दाट, फिक्कट हिरवं काहीतरी उरलं. तिने त्यात मिठाचा एक कण घातला. बाबा बघत होते. “मेकअप उतरवल्यावर हिरोईन,” ते म्हणाले.

पेला तिने त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी तो घेतला, ओठाला लावला, डोकं मागे नेलं, खाली ठेवला, ओठ पुसले. “छान झालंय,” ते म्हणाले. “लिंबू अगदी बेताचं.”

तिने पेल्याकडे पाहिलं. मग उठून खणातून पांढऱ्या पट्टीचा रोल आणला, दाताने तुकडा तोडला आणि काचेवर लावला, खालची कड बरोबर द्रवाच्या पातळीला धरून.  पट्टी सरळ बसली.

“इथून खाली,” ती म्हणाली. “जेवढं जाईल तेवढं. एक घोट गेला तरी चालेल. पण खराखुरा.”

बाबांनी त्या पट्टीकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी अशा पट्ट्या लावल्या होत्या, खुर्ची इथे, दिवा इथे, प्रेत इथे पडेल, आणि एकाही नटाला त्या ओलांडू दिल्या नव्हत्या. “आमचीच पट्टी आम्हाला,” ते म्हणाले. पण हसले नाहीत. त्यांनी पाठ ताठ केली आणि दोन्ही हातांनी पेला धरला.

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. गळ्याकडे बघत होती. सैल कातड्याखाली काहीतरी वर आलं, थांबलं, खाली गेलं. पुन्हा एकदा. मग बराच वेळ काही नाही. छातीतून एक आवाज आला, तुंबलेल्या मोरीत पाणी आपली वाट शोधतं तसा. बाबांनी पेला टेबलावर ठेवला, आधीच्या ओल्या वर्तुळावर नेमका, आणि टेबलाची कड धरून डोळे मिटून बसले. ते उठले नाहीत. नळ सुटला नाही.

ती वाकली. दिवसातून कितीतरी वेळा ती अशी वाकत असे. डोळा द्रवाच्या रेषेत आणायचा, श्वास रोखायचा, कडेला नाही, मधल्या खोलगट तळाला बघायचं. थोड्या वेळाने समोरून बाबाही वाकले. काचेच्या पलीकडे त्यांचा डोळा मोठा आणि हिरवा दिसत होता. पातळी पट्टीच्या खाली होती. अंगठ्याच्या नखाएवढी खाली.

“दिसतंय का काही?” बाबांनी कुजबुजत विचारलं, जणू कोणीतरी खोलीत झोपलं होतं.

“थांबा,” ती म्हणाली. “इतक्यात वाचायचं नाही.”

कारण काचेला आतून थर चिकटला होता, जिथे त्यांनी पेला तिरपा केला तिथपर्यंत, आणि तो आता ओघळत होता. सगळा थर खाली येईपर्यंत थांबायचं, मगच आकडा घ्यायचा, हे तिने कितीजणांना शिकवलं होतं. खाली रस्त्यावर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. दोघंही हलली नाहीत. थर सावकाश ओघळत होता, आणि पेल्यातली पातळी, अगदी थोडी थोडी, पुन्हा पट्टीकडे वर येत होती.